ट्यूबवाली जुनी मोटरसायकल: हवा पंपावर, पंक्चरवाल्याकडे की घरी?

घरात जुनी जावा, येझदी, राजदूत किंवा बुलेट असेल तर इंदुरात हवेसाठी चार सोयी आहेत. पेट्रोल पंपावरची मोफत हवा, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, घरचा पायपंप आणि हल्ली ऑनलाइन सर्रास मिळणारा बॅटरीवरचा छोटा पंप. यातलं काय निवडावं असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, हवेचा दाब मोजायचं गेज कोणतं आहे? भरणारं यंत्र आणि मोजणारं यंत्र वेगवेगळं ठेवा, असं माझं ठाम मत आहे, आणि पैसे कमी असतील तर आधी गेजवर खर्च करा.

याचं कारण आकड्यांत आहे. जुन्या बुलेटला एकट्या स्वारासाठी पुढे १८-२० च्या आसपास आणि मागे २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा सांगितलेली असते. कारच्या ३३ मध्ये ४ पीएसआयची चूक म्हणजे आठवा हिस्सा. तीच ४ ची चूक बुलेटच्या पुढच्या चाकात पाचव्या हिश्श्याएवढी होते. हवा जास्त झाली तर चाक रस्त्यावर उसळतं, ब्रेकला पकड मिळत नाही आणि खड्ड्याचा मार थेट रिम-आऱ्यांवर बसतो. कमी झाली तर ट्यूबच्या गाडीत जास्त मोठा धोका असतो. टायर रिमवर थोडा थोडा सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि वॉल्व्ह तिरका होत जातो. शेवटी तो मुळाशी फाटतो आणि हवा आऱ्यांच्या भोकांतून क्षणात निघून जाते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला तर हवा बहुधा हळूहळू उतरते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. ट्यूबमध्ये तो मिळेलच असं नाही.

गेज तीन प्रकारची मिळतात. पेनसारखं गेज स्वस्त, खिशात मावणारं, बॅटरीची भानगड नसलेलं. पण त्यावर एकेका पीएसआयचा फरक वाचणं कठीण, आणि धूळ गेली की पट्टी अडकते. डिजिटल गेज वाचायला सोपं, संध्याकाळी पार्किंगच्या अंधारातही दिसतं; फक्त सेल उतरत आला की त्याच्या आकड्यावर विसंबू नका. माझी पसंती डायलच्या गेजला, पण माप बघून. डायलची अचूकता बहुतेक वेळा पूर्ण मापाच्या टक्क्यांत असते. १६० पीएसआयपर्यंतच्या डायलवर २ टक्के म्हणजे ३ हून जास्त पीएसआय, ६० पर्यंतच्या डायलवर तेच २ टक्के म्हणजे जेमतेम सव्वा. आपल्याला १८ ते ३२ च्या दरम्यानच वाचायचंय, तेव्हा ६० वालाच घ्या. लवचीक नळी आणि जास्तीची हवा सोडायचं बटण असेल तर उत्तम. जुन्या गाडीत ड्रम ब्रेकचा मोठा हब आणि आरे यांच्यामध्ये सरळ तोंडाचं गेज नीट बसत नाही, म्हणून काटकोनातलं तोंड शोधा.

आता भरण्याकडे. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण तिथवर जाताना टायर तापतो. हवेचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना किंवा एक-दोन किलोमीटरच चाललेली असताना. पलासियातून एबी रोडच्या गर्दीतून पंपावर पोहोचेपर्यंत मागचं चाक दोन-तीन पीएसआय वर गेलेलं असू शकतं. त्यावर मोजून बरोबर भरली, तर थंड झाल्यावर ती कमीच निघणार. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जोरदार असतो, छोट्या ट्यूबमध्ये हवा सेकंदांत चढते. न सांगितल्यास दोन्ही चाकांत तीस-पस्तीस भरून मिळण्याचीच शक्यता जास्त. पंक्चरसाठी त्याला पर्याय नाही आणि त्याच्या हाताची सफाई मला फार मोलाची वाटते. नेहमीच्या हवेसाठी मात्र मी घरचीच सोय सुचवेन.

घरी एकच गाडी असेल तर पायपंप घ्या. दर खेपेला थोडीशीच हवा जाते, त्यामुळे १८ वर थांबायचं तर १८ वर थांबता येतं. पायपंपावर बसवलेलं मीटर फक्त अंदाजापुरतं, अखेरचा शब्द आपल्या गेजचा. बॅटरीचा पंप गुडघे दुखणाऱ्यांना, किंवा घरात दोन-तीन दुचाक्या आणि कार असेल त्यांना सोयीचा; आकडा लावला की तो आपोआप थांबतो. त्याच्या दोन अडचणी आहेत. नळी आट्यांनी बसते, ती सोडवताना फुस्स करून थोडी हवा जाते आणि लहान ट्यूबमध्ये तेवढीही जाणवते. म्हणून एखादा पीएसआय जास्त भरा आणि मग गेजने जुळवा. दुसरी म्हणजे १२ व्होल्टवर चालणारा वायरचा पंप जुन्या जावाच्या कामाचा नाही, तिची वायरिंग ६ व्होल्टची. स्वतःची बॅटरी असलेलाच घ्या आणि मे महिन्यात तो डिकीत उन्हात ठेवू नका.

हवेऐवजी पैसे देऊन भरायच्या नायट्रोजनबद्दल थोडक्यात: साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजनने रिम आतून गंजत नाही हा मुद्दा ट्यूबला लागूच पडत नाही, कारण भरलेल्या हवेचा रिमशी संबंध येत नाही. रिम गंजवणारं पाणी आऱ्यांच्या भोकांतून आणि वॉल्व्हच्या फटीतून शिरतं. पैसे वाचवा. ट्यूबमध्ये ओतायचं पंक्चररोधक द्रवही मी टाळेन. ताणलेल्या ट्यूबचं भोक त्याने भरवशाने बुजत नाही, वॉल्व्ह चिकटतो, गेज चुकीचं दाखवतं आणि नंतर त्या जागी पॅच धरत नाही.

ट्यूबच्या निवडीवर मात्र थोडा विचार करा. ब्युटाइल रबराची ट्यूब हवा जास्त दिवस धरते, महिन्याला एक-दोन पीएसआय उतरली तर ठीकच म्हणायचं. नैसर्गिक रबराची आठवड्यातच खाली येते, पण भोक पडल्यावर ती चटकन फाटत जात नाही. गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी निघत असेल तर ब्युटाइल. दर रविवारी जाम गेटमार्गे महेश्वरला जात असाल आणि निघण्याआधी हवा तपासायची सवय असेल, तर नैसर्गिक रबराचाही विचार करा.

त्याच रस्त्यावरची एक गोष्ट. तापमानातल्या दर १० अंशांच्या फरकाने मागच्या चाकात साधारण दीड पीएसआय वर-खाली होतो. माळव्याच्या पठारावर पहाटे बरोबर भरलेली हवा निमाडच्या दुपारी वाढलेली दिसेल. ती सोडू नका, टायर थंड झाला की आकडा आपोआप जागेवर येतो. उलट, मे महिन्यात दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या सकाळी चांगलीच कमी निघेल, ती तेव्हा भरावीच लागेल.

टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल हवेचा असतो, तो भरायचा नसतो. जुन्या पुस्तिकेत आकडे किलोग्रॅममध्ये असतील तर १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय.

आणि वॉल्व्हची चकती रिमला घट्ट आवळू नका, टोपीच्या बाजूला वर सरकवून ठेवा. टायर सरकला तर वॉल्व्ह तिरका झालेला डोळ्यांना दिसेल. आत रबरी वायसर असलेली धातूची टोपी लावा. हवा आठवड्याला चार-पाच पीएसआय उतरत असेल तर ट्यूब काढायच्या आधी वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर दोष आतल्या पिनचा, आणि ती बदलायला टायर उतरवावा लागत नाही.