सीमध्ये फाइल उघडायची आहे: एफओपन, ओपन की क्रिएटफाइल?

फाइल उघडायचे हे तीन कॉल: एफओपन सीच्या स्टँडर्ड लायब्ररीतला, ओपन युनिक्सकडचा, आणि क्रिएटफाइल विंडोजचा स्वतःचा. प्रोग्रॅम फक्त लिनक्सवर किंवा फक्त विंडोजवर चालायचा असेल, तर या वादात पडू नका. जे वापरताय ते वापरत राहा. एकच सोर्स विंडोज, लिनक्स आणि मॅक अशा तिन्हीकडे कंपाइल व्हायला हवा असतो, तेव्हाच हा प्रश्न खरा पडतो. मला तो पडला एका छोट्या कन्व्हर्टरमुळे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, एवढंच त्याचं काम. मी तो लिनक्सवर लिहितो, वापरणारे बहुतेक डीटीपीवाले विंडोजवर, आणि एकदोन संपादक मंडळी मॅकवर. तिन्ही रस्त्यांनी जाऊन पाहिलं आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमची गरज वेगळी असू शकते हे धरून वाचा.

आधी ओपन, कारण युनिक्सवर वाढलेल्यांचा हात आपोआप तिकडेच जातो. पोझिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामायिक प्रमाणाच्या, घरात त्याला तोड नाही. फाइल तयार होतानाच परवानग्या ०६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशा) ठेवता येतात. एफओपन मात्र ०६६६ (सगळ्यांना वाचता-लिहिता येईल अशा) मागतो आणि यूमास्क, म्हणजे परवानग्या कमी करणारी प्रोसेसची सेटिंग, जे काढून घेईल ते सोडून देतो. ‘ओ_क्रिएट’सोबत ‘ओ_एक्सक्ल’ दिलं की फाइल आधीपासून असल्यास कॉल सरळ नकार देतो, त्यामुळे ‘आहे का ते बघा, मग बनवा’ या दोन पायऱ्यांच्या फटीत दुसऱ्या प्रोसेसला शिरता येत नाही. ही एक सोय सी११ने, म्हणजे सी भाषेच्या २०११च्या प्रमाणाने, एफओपनच्या मोडमध्येही ‘एक्स’ देऊन आणली आहे. लॉक फाइल, तात्पुरती फाइल, डीमनची (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची) लॉग फाइल यांसाठी मी आजही ओपनच वापरतो आणि हवं तर त्याच्यावर एफडीओपनने स्ट्रीम (एफओपन देतो तसा फाइल पॉइंटर) चढवतो.

विंडोजवरचा ओपन मात्र नावापुरता ओपन. मायक्रोसॉफ्टच्या रनटाइममध्ये (सीच्या लायब्ररीत) तो आधी अंडरस्कोर लावून येतो, परवानग्यांमधलं त्याला ‘लिहिता येईल की नाही’ एवढंच समजतं, आणि वेगळं सांगितलं नाही तर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडतो. म्हणून ‘ओ_बायनरी’ लावायचं. ते लिनक्सवर नाही, म्हणून तिथे त्याची किंमत शून्य डिफाइन करायची. मग ‘ओ_क्लोएक्सेक’ (पुढे चालवलेल्या प्रोग्रॅमला उघडी फाइल वारशाने न देणारा फ्लॅग) विंडोजवर नाही, तिकडे त्याचा शून्य करायचा. असे चारपाच शून्य जमले की आपण पोझिक्स वापरतोय हा फक्त समज उरतो.

क्रिएटफाइल हे दुसरं टोक. सात आर्ग्युमेंटं, त्यातली दोन बहुतेक वेळा नल (रिकामा पॉइंटर). फसला तर नल परत येत नाही, ‘इनव्हॅलिड हँडल व्हॅल्यू’ येते, म्हणजे उणे एक. सवयीने नल तपासणारा कोड मजेत पुढे निघून जातो. पण एका बाबतीत हा कॉल बाकीच्यांपेक्षा प्रामाणिक आहे, आणि ती बाब डीटीपीच्या खोलीत रोज भेटते. फाइल वर्डमध्ये उघडी असते, माणूस ती तशीच ठेवून कन्व्हर्टर चालवतो. क्रिएटफाइल नकार देतो आणि एरर नंबर ३२ देतो: दुसऱ्या कुणीतरी फाइल धरून ठेवली आहे. एफओपन हाच नकार ‘ईअ‍ॅक्सेस’मध्ये बदलून देतो आणि एरर छापणारं पी-एरर फंक्शन स्क्रीनवर लिहितं की परवानगी नाही. परवानगी नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवतो. तरीही उघडत नाही, मग फोन येतो. ‘वर्ड बंद करा’ हे मी फोनवर इतक्यांदा सांगितलं आहे की त्यापायी क्रिएटफाइलकडे जायचा मोह मला खरोखर झाला होता.

तो आवरला, कारण त्यानंतरचं सगळं आपल्याच अंगावर येतं. ओळीओळीने वाचायचं तर बफर आपला, ओळीचा शेवट शोधणं आपलं, आणि हे सगळं झाल्यावर लिनक्ससाठी जुळं भावंड पुन्हा वेगळं लिहायचं. डेटाबेस लिहीत असाल, किंवा फाइलच्या ठरावीक भागावर लॉक हवा असेल, तर हे कष्ट सार्थकी लागतात. मजकूर वाचून मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ते जास्तच झाले, निदान मला तरी तसं वाटलं.

राहता राहिला एफओपन. त्याच्या तक्रारी सर्वांना पाठ आहेत, म्हणून भरभर. विंडोजवर ‘बी’ न लावता उघडलात तर ओळीच्या शेवटच्या दोन बाइटांची एक होते, आणि २६ नंबरची बाइट, म्हणजे कंट्रोल-झेड, डॉसच्या काळापासून वाहत आलेल्या रिवाजाने फाइलचा शेवट मानली जाते. पुढचा मजकूर गायब आणि एररचं नावही नाही. उपाय एवढाच की ‘बी’ नेहमी लावा, पोझिक्सवर त्याने काही बिघडत नाही. ६४ बिटांच्या विंडोजवरही ‘लाँग’ ३२ बिटांचाच असतो, त्यामुळे फाइलमधली जागा त्यात मोजणारे एफसीक आणि एफटेल २ जीबीला अडतात. दोन जीबीची मराठी मजकुराची फाइल मी अजून पाहिलेली नाही. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर एफओपन असुरक्षित आहे असं बजावतो आणि एफओपन_एस सुचवतो. तो सी११च्या ऐच्छिक परिशिष्टात आहे, लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीत नाही, शिवाय त्याने उघडलेली फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला शेअर होत नाही. ती सूचना मी डिफाइन टाकून गप्प केली आहे.

इथपर्यंत तिन्ही पारडी जवळपास सारखीच होती. निकाल लावला तो फाइलींच्या नावांनी. ‘दिवाळी अंक अंतिम प्रूफ’ अशा साध्यासुध्या मराठी नावांनी.

लिनक्सवर एफओपनला नाव म्हणजे नुसत्या बाइटा. स्लॅश आणि शून्य सोडलं तर त्यात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. यूटीएफ-८मधलं (युनिकोड बाइटांत लिहायच्या पद्धतीतलं) मराठी नाव जसं दिलं तसं पोचतं. विंडोजवर तोच एफओपन ते नाव सिस्टिमच्या ‘एएनएसआय’ कोड पेजमधलं (कोणत्या बाइटला कोणतं अक्षर, या जुन्या तक्त्यातलं) आहे असं समजून वाचतो. आता कोड पेजं कुणाला आहेत ते बघा. जपानीला ९३२ आहे, रशियनला १२५१ आहे. ती मंडळी निदान आपापल्या देशातल्या कॉम्प्युटरवर साध्या एफओपनने आपल्या भाषेतली फाइल उघडू शकत आली. देवनागरीला असं कोड पेज कधी मिळालंच नाही. मराठी, हिंदी, कोकणी या विंडोजच्या लेखी ‘फक्त युनिकोड’ भाषा आहेत. इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांचं युनिकोडपूर्व प्रमाण, त्यासाठी ५७००२ हा नंबर आहे, पण तो सिस्टिमचं कोड पेज म्हणून लावता येत नाही. आपल्याकडचे कॉम्प्युटर बहुतेक १२५२वर चालतात, आणि १२५२मध्ये ‘अ’सुद्धा नाही.

याचे परिणाम दोन तऱ्हांनी दिसतात. कमांड लाइनवर मराठी नाव दिलं की मेनमधल्या आर्गव्हीत (कमांड लाइनवरचे शब्द मिळतात त्या यादीत) अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊन पडतात. विंडोजवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, त्यामुळे फाइल उघडायचा प्रश्नच मिटतो. ही तऱ्हा परवडली, कारण निदान कळतं तरी. दुसरी जास्त वाईट. नाव कॉन्फिग फाइलमधून यूटीएफ-८मध्ये वाचलं आणि ‘डब्ल्यूबी’ मोडने एफओपनला दिलं, तर तो यशस्वी होतो! फाइल तयार होते, मजकूर बिनचूक लिहिला जातो, परत आलेला पॉइंटर नल नसतो. फक्त फोल्डरमध्ये जे नाव दिसतं त्यात दर तिसऱ्या चिन्हाला, डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए असतो. कारण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं, आणि त्यातली पहिली बाइट कायम तीच. माणूस सांगतो, ‘आउटपुट आलंच नाही.’ ते आलेलं असतं, त्याच फोल्डरमध्ये, ओळखू न येणाऱ्या नावाने.

यातून सुटायचे रस्ते तीन. प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबत जोडलेल्या सेटिंगच्या फाइलीत) ‘अ‍ॅक्टिव्ह कोड पेज’ यूटीएफ-८ करता येतं. मग एफओपनही सरळ होतो आणि आर्गव्हीही. कोडला हात लावावा लागत नाही, म्हणून नवा प्रोजेक्ट असेल तर आधी याचाच विचार करा. अट अशी की विंडोज १०ची १९०३ आवृत्ती किंवा त्यापुढची हवी, म्हणजे २०१९ पासूनची. प्रेसमधल्या एखाद्या कोपऱ्यात विंडोज ७ अजून इमानेइतबारे चालू असतं आणि त्याला कुणी हात लावू देत नाही. दुसरा रस्ता, भाषा-प्रदेश ठरवणाऱ्या सेटलोकेल फंक्शनमध्ये यूटीएफ-८ सांगणं. तो मायक्रोसॉफ्टच्या नव्या युनिव्हर्सल रनटाइमला कळतो, पण मिनजीडब्ल्यूच्या (विंडोजसाठीच्या जीसीसी कंपायलरच्या) जुन्या बांधणीत जो एमएसव्हीसीआरटी हा जुना रनटाइम येतो त्याला कळत नाही, आणि आर्गव्हीचा प्रश्न तसाच राहतो.

तिसरा रस्ता माझा. प्रोग्रॅमच्या पोटात सगळीकडे नावं यूटीएफ-८मध्येच ठेवायची आणि एफओपनला थेट हाक मारायचीच नाही. त्याच्या जागी आपलं एक छोटं फंक्शन. लिनक्स आणि मॅकवर ते एफओपनला तसंच बोलावतं. विंडोजवर मल्टिबाइट-टू-वाइडचार फंक्शनने नाव यूटीएफ-१६मध्ये (विंडोज आतून वापरतं त्या ‘वाइड’ युनिकोड रूपात) बदलतं आणि डब्ल्यूएफओपनला, म्हणजे वाइड नाव घेणाऱ्या एफओपनला, देतं. बदलताना ‘चुकीची अक्षरं आली तर फसव’ हा फ्लॅग आवर्जून लावा, नाहीतर बिघडलेल्या नावाने फाइल बनायचा धोका मागच्या दाराने परत येतो. सुरुवातीला कमांड लाइनही विंडोजकडून वाइड स्वरूपात घेऊन यूटीएफ-८ करायची. रिमूव्ह, रिनेम, स्टॅट यांनाही असाच अंगरखा शिवावा लागतो, हे मान्य. पण सगळं मिळून एका छोट्या फाइलीत मावतं, आणि परत येतो तो साधा फाइल पॉइंटर, म्हणजे एफगेट्स, एफरीड, एफप्रिंटएफ सगळं जसंच्या तसं. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीचं ओपन फंक्शन विंडोजवरही यूटीएफ-८ नावच मागतं, आणि जीलिब (ही जीलिबसीहून वेगळी लायब्ररी) हिचं जी_एफओपन नेमकं हेच काम करतं. जीलिब आधीच वापरत असाल तर स्वतः लिहायचीही गरज नाही.

या फंक्शनचा दुसरा फायदा मला नंतर उमगला. वर्डवाली तक्रार इथेच मिटते. डब्ल्यूएफओपन आतून शेवटी विंडोजच्याच कॉलकडे जातो आणि खरा एरर नंबर ‘डॉस एररनंबर’मध्ये शिल्लक राहतो. तो ३२ असेल तर माझा प्रोग्रॅम ‘फाइल दुसरीकडे उघडी आहे, आधी ती बंद करा’ असं मराठीत सांगतो. फोन कमी झाले आहेत.

मॅकचं दुखणं वेगळं, आणि त्यावर तिघांपैकी कुणाकडेच औषध नाही, म्हणून तुलनेत त्याला गुण देता येत नाहीत. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ्या’ लिहायचे तीन प्रकार आहेत: एकच ऱ वापरून, साधा र आणि नुक्ता वापरून, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. स्क्रीनवर तिन्ही सारखेच. जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम पहिल्या प्रकाराचं नाव मुकाट्याने दुसऱ्यात मोडून ठेवते. नवी एपीएफएस नाव दिलं तसं ठेवते आणि शोधताना पहिले दोन एकच मानते, तिसरा मात्र तिलाही वेगळाच. लिनक्सला तिन्ही वेगळे. त्यामुळे जुन्या मॅकच्या डिस्कवरून लिनक्सवर आलेली फाइल कीबोर्डवर नाव टाइप करून उघडायला गेलात तर ‘अशी फाइल नाही’ हे उत्तर मिळू शकतं, समोर दिसत असूनही. मी एवढंच पाळतो की फोल्डरच्या यादीतून जे नाव आलं त्याच्या बाइटांना हात लावायचा नाही, त्याच परत उघडायला द्यायच्या.

उलट्या दिशेची एक अडचण लिनक्सवर. ईएक्सटी४ या तिथल्या फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळे सुटे मोजून ८५. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये तीच २५५ यूटीएफ-१६ युनिटांची. ज्यांच्याकडे लेखकाचं नाव, लेखाचं पूर्ण शीर्षक, मग ‘सुधारित’, मग ‘नवीन सुधारित’, मग ‘हेच घ्यावे’ अशी फाइलची नावं वाढत जातात, त्यांची फाइल विंडोजवर सुखाने राहते आणि लिनक्सवर तयारच होत नाही. तेव्हा आउटपुटचं नाव आपण बनवत असाल तर लांबी बाइटांत मोजा.

म्हणजे कुणी काय घ्यावं? सर्व्हरवरचा प्रोग्रॅम असेल, विंडोजचा संबंध नसेल, परवानग्या आणि लॉक महत्त्वाचे असतील, तर ओपन घ्या. फक्त विंडोज असेल आणि एकाच फाइलवर अनेक प्रोग्रॅमांचा डोळा असेल, तर क्रिएटफाइलचे सात आर्ग्युमेंट एकदा शिकून घ्या, आणि नावातला शेवटचा डब्ल्यू विसरू नका. त्याचं ‘ए’वालं रूप कोड पेजच्या त्याच खड्ड्यात नेतं. बाकी बहुतेकांना, म्हणजे मजकूर वाचून काहीतरी करणाऱ्या आणि तिन्हीकडे फिरणाऱ्या प्रोग्रॅमांना, अंगरखा घातलेला एफओपन पुरेसा व्हावा. चाचणीसाठी मात्र ‘टेस्ट१’ असं नाव घेऊ नका. एखादं ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना’ घ्या, फोल्डरचं नावही मराठी ठेवा, आणि पहिल्या दिवशीच तिन्हीकडे चालवून बघा.