कमोडवर बसवायचा सिट्झ बाथ टब: टब कामाचा, नळी शोभेची

योनीजवळ टाके पडलेल्या बाळंतिणीला 'कोमट पाण्यात बसा' (म्हणजेच सिट्झ बाथ घ्या) असं डॉक्टर सांगतात. बसायचं कशात, हे बहुधा राहून जातं. जमिनीवरच्या टबात उतरणं आणि त्यातून उठणं, दोन्हींत टाके ताणतात. सीट वर करून कमोडच्या कडेवर ठेवायचा हा उथळ टब तेवढ्यासाठीच घ्यावा.

घेताना कड बघा. ती कमोडवर चहूबाजूंनी टेकली पाहिजे. लांबट कमोडवर गोल टब डुलतो. बसण्याआधी दोन्ही हातांनी दाबून पाहा. जादा पाणी कमोडमध्ये जावं म्हणून टबाला एका बाजूला भोकं असतात, ती बाजू मागे. टब उलटा ठेवला, की बसताक्षणी पाणी मांड्यांवरून फरशीवर. भरायचाही निम्माच. घडीचा टब कपाटात छान मावतो, पण घड्यांच्या खाचांत मळ साचतो. धुणाऱ्याचा विचार करून साधा, कडक प्लॅस्टिकचाच घ्या.

बसलेलं असताना टबात कोमट पाणी सोडत राहायला सोबत पिशवी-नळी येते, तिचं कौतुक खोक्यावरच जास्त. नळी मांडीखाली चेपली की धार बंद, पिशवी फार उंच टांगली की धार थेट टाक्यांवर जोरात, आणि नळीचा चिमटा सोडायला वाकायचं ते वेगळंच. बसायचं 10-15 मिनिटं, तेवढ्यात पाणी असं कितीसं निवणार?

पाणी 38 ते 40 अंश सेल्सिअस. मनगटाच्या आतल्या बाजूला ऊबदार लागावं, चटका नको. दिवसातून दोन-तीनदा पुरे. साधंच पाणी घ्या, अँटिसेप्टिकने उलट झोंबतं. नंतर मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून कडी लावू नका आणि कुणाला तरी हाकेच्या अंतरावर ठेवा. टब दर वेळी साबणाने धुऊन पालथा वाळवायचा.

पहिल्या 24 तासांत सूज जास्त असते, तेव्हा कापडात गुंडाळलेला बर्फ बरा. दुखणं दिवसागणिक वाढत असेल, घाण वास किंवा पू येत असेल, ताप 38 अंशांवर गेला असेल, तर टब बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

लघवीच्या जळजळीवर मात्र याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी साधी दाबायची बाटली: लघवी होत असतानाच कोमट पाणी पुढून मागे सोडत राहायचं.