जैसलमेर की बिकानेर, चार दिवस कुठे द्यावेत?

थारमध्ये चारच दिवस मिळणार असतील तर दोन्ही शहरं उरकायच्या भानगडीत पडू नका, मधे सव्वातीनशे किलोमीटर आहेत, एक अख्खा दिवस रस्त्यातच जातो. मी दोन्ही वेगवेगळ्या वर्षी केली, त्यावरून माझं मत सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं.

दिसायला जैसलमेरला तोड नाही, हे आधीच मान्य. 1156 सालचा किल्ला आणि आत अजून माणसं राहतायत, एका घरात कुकरची शिट्टी होते आणि चार पावलांवर जैन मंदिरांतलं ते कोरीव काम. खाली नथमलची हवेली दोन भावांनी एकेक बाजू वाटून घेऊन कोरली, नीट बघितलं तर डावं-उजवं सारखं नाहीये, मी अर्धा तास नुसता फरक शोधत होतो. मात्र मुक्काम किल्ल्याखाली करा. वर पाण्याचा वापर वाढलाय, ते टेकडीत मुरतं आणि पाया कमजोर होतो, त्यामुळे आत हॉटेल घेणं मला तरी पटलं नाही.

माझं बिनसलं ते समला, जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांत. वाळूतला कॅम्प घेतला होता तोच मुळी मांगणियारांचं गाणं ऐकायला. ही मुसलमान मंडळी पिढ्यानपिढ्या आपल्या यजमानांच्या घरी, बहुतेक हिंदूच, लग्नाला आणि मूल झालं की गातात, यजमानांच्या वंशावळी ह्यांना पाठ. त्यांचं वाद्य म्हणजे कमायचा, आंब्याच्या लाकडाचा, वर बकऱ्याचं कातडं, गजाने वाजवतात, आवाज एकदम खोल. एका म्हाताऱ्या बुवांनी सुरू केलं आणि दहाव्या मिनिटाला शेजारच्या कॅम्पचा डीजे लागला, मग पलीकडचा, मग आमच्याच कॅम्पवाल्याने स्पीकर सुरू केला. बुवांनी कमायचा मांडीवर आडवा ठेवला आणि गप्प बसून राहिले. मला फार लागलं ते. प्रत्येक कॅम्पात असंच होत असेल असं नाही म्हणत, पण माझी ती रात्र गेली ती गेलीच.

बिकानेरचा जुनागड किल्ला टेकडीवर नाही, सपाटीवर आहे, बाहेरून छाती दडपत नाही. आत अनूप महालातलं सोन्याचं काम आणि बादल महालच्या भिंतींवर रंगवलेले निळे ढग बघा, पावसाची वाट बघणाऱ्या मुलखाने काढलेत ते. पण माझा जीव जडला तो जुन्या शहरातल्या पाट्यांवर. चौकाचौकात मोठमोठे लाकडी पाटे, जेवणं झाली की माणसं येऊन बसतात, राजकारणापासून सोयरिकीपर्यंत सगळ्या गप्पा तिथेच, आणि होळीच्या दिवसांत चौकातच रात्रभर रम्मत, म्हणजे तिथलं लोकनाट्य, चालते. यातलं काही पर्यटकांसाठी मांडलेलं नाही. मी बाजूला उभा होतो तर एका काकांनी सरकून जागा दिली, कुठले विचारलं, संभाजीनगर म्हटल्यावर म्हणाले, मग आमच्या करणसिंहांचं कर्णपुरा तुमच्याकडेच. लहानपणापासून नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला जातोय, ते नाव बिकानेरच्या राजाचं हे मला तिथे कळलं.

लहान मुलं सोबत असतील, वाळूत लोळायचं असेल, तर जैसलमेरच करा, बिकानेरला समसारखी वाळू नाही. नाहीतर बिकानेरला थंडीत जा, मुक्काम जुन्या शहराजवळ घ्या आणि रात्री जेवून पाट्यांकडे चालत निघा.