प्रीपोमॅक्स आणि कॅल्क्युलिक्स: आपल्या कास्टिंगच्या कामाला कितपत चालतं

उद्यमबाग, मच्छे भागात कास्टिंग नाहीतर मशीनिंग करणाऱ्यांनी आणि बेळगावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी प्रीपोमॅक्स आणि कॅल्क्युलिक्स ही सॉफ्टवेअरची जोडी बसवून बघा, फुकट आहे आणि खरंच दमदार आहे. माझं काम मटेरियलच्या कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्सचं, म्हणजे पार्टवर लोड आला की आत ताण कुठं किती येतो, क्रॅक कुठनं सुटेल हे कॉम्प्युटरवर काढायचं, आणि त्यासाठी मी रोज हेच वापरतो.

कॅल्क्युलिक्स हा आतला सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा भाग, म्युनिकच्या एमटीयू या विमान इंजिनांच्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी लिहिलेला, आणि त्याची इनपुट फाइल अबॅकस या कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसारखीच असते त्यामुळं इथं शिकलेलं पुढं नोकरीतही कामाला येतं. प्रीपोमॅक्स हा त्याचा चेहरा, म्हणजे आपण जिथं क्लिक करतो तो भाग, स्लोव्हेनियातल्या मारिबोर युनिव्हर्सिटीत तयार झालेला. पार्टची स्टेप (थ्रीडी मॉडेलची) फाइल उघडा, मेश करा म्हणजे पार्टचे बारीक तुकडे पाडा, लोड लावा, रन करा, बस. फक्त विंडोजवर चालतं.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न ग्रे आयर्नचा, म्हणजे राखाडी बिडाचा. त्यात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, पापुद्र्याच्या टोकाला ताण साठतो, म्हणून ते ओढलं की लवकर तुटतं आणि दाबलं तर ३-४ पट जास्त सोसतं. पण सगळे ताण मिळून एकच आकडा दाखवणारा फॉन मिसेस स्ट्रेसचा तो रंगीत नकाशा ओढ आणि दाब यात फरकच करत नाही, स्टीलला ठीक, एसजी आयर्न या बिडाच्या दुसऱ्या प्रकारालाही बऱ्यापैकी चालतो कारण त्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं, पण ग्रे आयर्नसाठी तो बघून पार्ट पास करू नका! मॅक्सिमम प्रिन्सिपल स्ट्रेस, म्हणजे त्या जागची सगळ्यात जास्त ओढ, उघडा आणि तो टेन्साइल स्ट्रेंग्थशी, म्हणजे ओढ सोसायच्या ताकदीशी, ताडून बघा. याच्याही पुढं जाऊन ओढ-दाबाचं वेगळं मॉडेल हवं असेल तर फोर्ट्रानमध्ये यूमॅट, म्हणजे मटेरियल कसं वागतं ते सांगणारा आपला स्वतःचा प्रोग्रॅम, लिहायची तयारी ठेवा, ते अवघड आहे पण रिसर्चवाल्यांना खरी मजा तिथंच आहे.

मेशला दहा नोडचा (बिंदूंचा) टेट्रा, म्हणजे चार बाजूंचा तुकडाच घ्या, चार नोडचा वाकताना फार ताठ वागतो आणि ताण कमी दाखवतो. युनिट मिमी-टन-सेकंद ठेवलं तर ताण सरळ एमपीएत (मेगापास्कलमध्ये) मिळतो, पण मग ग्रे आयर्नची डेन्सिटी ७.२ गुणिले १० चा उणे ९ वा घात (टन प्रति घन मिमी) अशी घालावी लागते, इथं बरेच जण फसतात.

मराठीत हे शिकायला फारसं मिळत नाही ही मोठी उणीव. तरी छोट्या युनिटवाल्यांनी पॅटर्नला (साचा करायच्या नमुन्याला) हात लावायच्या आधी रिबच्या (आधाराच्या पट्टीच्या) कोपऱ्यातला फिलेट, म्हणजे गोलाई, वाढवून ताण किती उतरतो तेवढं तरी यात बघाच.