मॅजिक आणि पोकेमॉन: कार्डांना स्वभाव कुठून आला?

रिचर्ड गारफिल्डचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली आला, तेव्हा पहिल्याच संचात पाच रंगांना पाच स्वभाव मिळाले होते. एकाच खर्चाची ही पाच कार्डं शेजारी मांडून बघा. लाल ‘लाइटनिंग बोल्ट’ ३ इजा करतं, हिरवं ‘जायंट ग्रोथ’ प्राण्याची ताकद ३ने वाढवतं, काळं ‘डार्क रिच्युअल’ ३ माना (कार्डं खेळायला लागणारी शक्ती) देतं, पांढरं ‘हीलिंग साल्व्ह’ ३ जीव भरून काढतं आणि निळं ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ ३ कार्डं ओढू देतं. एकही गोष्ट न सांगता रंगांची ओळख पटते! तोल मात्र साफ चुकला. निळं कार्ड इतकं भारी निघालं की आज व्हिंटेज या, जवळजवळ सगळी जुनी कार्डं चालणाऱ्या प्रकारात ते डेकमध्ये (खेळाडूच्या गड्डीत) एकच ठेवता येतं.

‘पोकेमॉन’चा पत्त्यांचा खेळ १९९६ साली जपानमध्ये आला, तो व्हिडिओ गेममधलं जग घेऊनच. इथे ओळख रंगाची नाही, प्राण्याची. चार्मँडर या प्राण्यावर त्याचं वाढलेलं रूप चार्मेलियन, त्यावर चारिझार्ड. कार्डावर कार्ड ठेवताना तो प्राणी हातात वाढल्यासारखा वाटतो. ऊर्जेची कार्डंही त्यालाच जोडायची, तो हरला की तीही गेली. म्हणून जीव त्याच्यात अडकतो. पण सुरुवातीची ट्रेनर कार्डं (प्राणी नसलेली, मदतीची) कुठल्याही डेकमध्ये चालायची. त्यामुळे आगीचा डेक काय नि पाण्याचा काय, डावाची चाल सारखीच व्हायची.

लहान मुलाला शिकवायचं तर मी पोकेमॉनच देईन. रचनेचा अभ्यास करायचा असेल, तर मात्र ती पाच कार्डं आधी.