गोळी न झाडणारा बाँड: 'द लिव्हिंग डेलाइट्स' घरी आल्यानंतर

बाँडपटांचा ब्लू-रे संच सेलमध्ये घेतला तो खरं तर शॉन कॉनरीसाठी. आता काही महिने झाले, आणि प्लेअरमध्ये सगळ्यांत जास्त फिरलेली डिस्क निघाली १९८७च्या 'द लिव्हिंग डेलाइट्स'ची. यात बाँड झालेल्या टिमोथी डाल्टनचा विषय निघाला की लोक त्याला दोन वाक्यांत निकालात काढतात: दोनच बाँडपट केले, आणि विनोद जमत नव्हता. पहिलं खरंच आहे. दुसरंही बऱ्यापैकी खरं. कोटी करायची वेळ आली की हा बुवा वर्गात उभं राहून पाठांतर म्हणणाऱ्या मुलासारखा दिसतो. पण सिनेमाचं बळ त्यात नाहीच.

पहिल्यांदा बघताना डोळ्यांत भरतात त्या नेहमीच्या गमती. जिब्राल्टरच्या कड्यावरून कोसळणारी जीप, बर्फावर स्की लावून पळणारी ॲस्टन मार्टिन, चेलोच्या पेटीत बसून घसरत गाठलेली ऑस्ट्रियाची सरहद्द. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मात्र वेगळंच दिसू लागतं: या बाँडला दोनदा माणूस टिपायचा हुकूम मिळतो आणि दोन्ही वेळा तो टिपत नाही.

पहिला प्रसंग ब्रातिस्लाव्हाचा. रशियन जनरल कॉस्कोव्ह ब्रिटिशांकडे पळून येतोय, समोरच्या खिडकीत बंदूकधारी बाई. बाँड नेम धरतो, आणि ऐन वेळी तिच्याऐवजी तिच्या बंदुकीवर गोळी घालतो. बंदूक कशी धरायची हेही हिला ठाऊक नाही, हे त्यानं एका नजरेत ओळखलेलं असतं. सोबतचा अधिकारी सॉन्डर्स वर तक्रार करण्याची धमकी देतो, तेव्हा बाँडचं उत्तर असं, की नोकरी गेली तर आभारच मानीन. बाँडचा जनक इयन फ्लेमिंगच्या मूळ कथेतली ही चिडचिड डाल्टननं जशीच्या तशी उचललीय. दुसरा प्रसंग मोरोक्कोतल्या टँजिअरच्या हॉटेलातला. रशियन जनरल पुश्किनला मारायचंय, पिस्तूल रोखलेलंय, आणि बाँड समोरच्याचं बोलणं ऐकून घेतो, तोलतो, निर्णय बदलतो. जॉन ऱ्हिस-डेव्हिसनं पुश्किन असा काही उभा केलाय की दोन थकलेले सरकारी नोकर एकमेकांना ओळखतात असं वाटतं. (पहारेकऱ्याचं लक्ष उडवायला बाँड पुश्किनच्या मैत्रिणीचे कपडे ओढतो, ते आज बघवत नाही.)

माझा सर्वांत आवडता तुकडा व्हिएन्नाच्या प्राटर या करमणूक-बागेतला. नियमांवर बोट ठेवणाऱ्या सॉन्डर्सचे बाँड पहिल्यांदा मनापासून आभार मानतो, आणि लगेच कॅफेचं सरकतं दार त्याचा जीव घेतं. त्यानंतर डाल्टनचा चेहरा बघा. मारेकऱ्यानं सोडलेला फुगा तो नुसत्या मुठीत फोडतो, पुढे फुगे दिसताच पिस्तूल काढून धावतो आणि समोर येते एक आई नि तिचं पोर.

हेडफोन लावून बघत असाल तर आणखी एक गंमत. मारेकरी नेक्रॉसच्या वॉकमनवर प्रिटेंडर्स या बँडचं जे गाणं वाजतं, त्याचीच चाल पुढे संगीतकार जॉन बॅरीनं नेक्रॉसच्या मारामाऱ्यांमध्ये वापरलीय. बॅरीचं हे शेवटचं बाँड-संगीत. अखेरच्या मैफलीत वाद्यवृंद चालवताना तो स्वतःच दिसतो.

आता खोट. कॉस्कोव्हचा व्यवहार (त्याचं पळून येणं नाटकच निघतं) पहिल्या फेरीत डोक्यावरून जातो. सरळ सांगायचं तर शस्त्रांसाठी मिळालेल्या रशियन पैशाचे हिरे, हिऱ्यांवर अफू, अफूच्या नफ्यातून स्वतःची चांदी, आणि मग उरलेल्या पैशात शस्त्रं. अफगाणिस्तानचा भाग (चित्रीकरण मोरोक्कोचं) आज जरा अवघडल्यासारखा वाटतो. घोड्यावरचे मुजाहिदीन फारच दिलदार दाखवलेत. तरी अफू विकणारेही त्यांच्यातलेच, हे सिनेमा लपवत नाही, एवढं श्रेय द्यायला हवं. मालवाहू विमानाच्या मागे लोंबणाऱ्या जाळ्यावरची मारामारी खऱ्या माणसांनी खऱ्या आकाशात केलीय, आणि ते कळतं.

त्या मारामारीनंतर सिनेमा संपायला हवा होता. पण शस्त्रांचा दलाल व्हिटेकर अजून शिल्लक असतो, खेळण्यातल्या सैनिकांशी खेळत. हा खलनायक ना हसवतो, ना घाबरवतो. एक तारा त्याच्यासाठी कापतोय. चार दिले.