बॅकलॉगचा प्राधान्यक्रम: मॉस्को, डब्ल्यूएसजेएफ, राइस की कानो?

बॅकलॉग म्हणजे सॉफ्टवेअर टीमची करायच्या कामांची यादी. तिच्या प्राधान्यक्रमाची पद्धत निवडताना आधी एक गोष्ट तपासा: तुमच्याकडे रिलीजची तारीख पक्की आहे, की काम सतत वाहतं आहे आणि पुढचं काय घ्यायचं एवढाच प्रश्न आहे? बहुतेक टीम हे न पाहताच गुणांचा तक्ता भरायला बसतात आणि मग त्या तक्त्यावरूनच वाद सुरू होतो.

तारीख पक्की असेल तर मॉस्को घ्या. डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ती मांडली आणि डीएसडीएम या अ‍ॅजाइल प्रकल्प-पद्धतीत ती रुळली. मस्ट (हवंच), शुड (असायला हवं), कुड (जमलं तर) आणि 'या वेळी नाही' असे चार गट पाडायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यासोबतची श्रमांची मर्यादा मात्र फार कमी जण पाळतात. डीएसडीएमच्या मार्गदर्शनानुसार मस्टचं काम एकूण श्रमांच्या ६० टक्क्यांपुढे जाऊ नये आणि कुड साधारण २० टक्के असावं. कुड ही तारीख सांभाळणारी गंगाजळी आहे. अंदाज चुकले की आधी तिथून काढायचं असतं. सगळंच मस्ट ठरवलं तर काढायला काही उरत नाही आणि तारीख पुढे जाते. म्हणून प्रत्येक मस्टला विचारा, 'हे नसेल तर रिलीज थांबवायचं का?' चार दिवस हाताने काम भागवता येत असेल, तर ते शुड.

मॉस्कोची खरी उणीव गटाच्या आत आहे. दहा मस्टपैकी पहिलं कोणतं, हे ती सांगत नाही.

तिथे, आणि काम सतत वाहत असेल तेव्हाही, डब्ल्यूएसजेएफ (वेटेड शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट) कामी येते. प्रॉडक्ट विकासाचे तज्ज्ञ डोनाल्ड राइनर्टसेन यांच्या विचारातून आलेली आणि अनेक टीमच्या कामासाठीच्या सेफ या अ‍ॅजाइल चौकटीमुळे पसरलेली ही पद्धत उशिराची किंमत, म्हणजे काम लांबल्याने होणारं नुकसान, मोजते. सेफमध्ये ग्राहक-व्यवसायाचं मूल्य, वेळेची निकड आणि जोखीम कमी होण्याचा किंवा नवी संधी उघडण्याचा फायदा यांच्या गुणांची बेरीज करून तिला कामाच्या आकाराने भागतात. एका फीचरचे गुण ८, १३ आणि ३, आकार ८: उत्तर ३. दुसऱ्याचे ८, २ आणि ३, आकार २: उत्तर ६.५. निकड कमी असूनही दुसरं आधी येतं, कारण ते लवकर हातावेगळं होतं. हा हिशोब मला पटतो, पण त्यात एक धोका आहे. लहान कामं सतत पुढे सरकतात आणि मोठं, पायाभूत काम तळाशी राहतं. उपाय एवढाच की मोठ्या कामाचे स्वतंत्रपणे वापरता येतील असे तुकडे करायचे आणि मगच गुण द्यायचे.

इंटरकॉम या सॉफ्टवेअर कंपनीत तयार झालेल्या राइसमध्ये किती जणांपर्यंत पोहोचेल, परिणाम किती आणि खात्री किती, यांचा गुणाकार करून श्रमांनी भागतात. वापराची आकडेवारी हाताशी असलेल्या प्रॉडक्टला ही चांगली. २००० वापरकर्ते, परिणाम १, खात्री ८० टक्के, श्रम ४ महिने: ४००. दुसरी कल्पना ५०० वापरकर्ते, परिणाम ३, खात्री ५० टक्के, श्रम १ महिना: ७५०. दुसरी जिंकली. पण तिचे श्रम एकाऐवजी दोन महिने निघाले तर उत्तर ३७५, म्हणजे क्रम उलटला. एका अंदाजावर निर्णय इतका हलत असेल तर गुणांकडे बघत बसू नका, आधी तो अंदाज पक्का करा. आकडेवारीच नसेल तर राइस सोडून द्या. अंदाजांचा गुणाकार केल्याने ते खरे होत नाहीत.

कानो या तिघांच्या रांगेत बसत नाही. नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये मांडलेलं हे मॉडेल क्रम लावत नाही. लोकांना कशाचं काय वाटेल ते सांगतं. प्रत्येक फीचरबद्दल दोन प्रश्न विचारायचे: हे असेल तर कसं वाटेल, नसेल तर कसं वाटेल? काही गोष्टी असल्या तरी कौतुक नाही, पण नसल्या तर संताप. काही नसल्या तरी चालतात, असल्या की माणूस खूश होतो. आज खूश करणारी गोष्ट पुढे गृहीत धरली जाते, म्हणून जुन्या सर्वेक्षणावर विसंबू नये. खरे वापरकर्ते गाठता येत नसतील, तर ते प्रश्न आपसांत सोडवून काही हाती लागत नाही.

माझा कल स्पष्ट आहे. एक टीम आणि निर्णय घेणारा एक प्रॉडक्ट ओनर असेल तर मॉस्को ६० टक्क्यांच्या मर्यादेसह वापरा आणि मस्टचा आतला क्रम चर्चेने लावा. अनेक टीम एकाच क्षमतेसाठी भांडत असतील तर डब्ल्यूएसजेएफचा खटाटोप सार्थकी लागतो. कायद्याने बंधनकारक कामं आणि सुरक्षेतल्या गंभीर त्रुटी कोणत्याच तक्त्यात घालू नका. त्यांची जागा आधी राखून ठेवा. कोणतं काम कशावर अवलंबून आहे, हेही यांपैकी एकही सूत्र बघत नाही, ते डेव्हलपरांनाच विचारावं लागतं.

तरीही दोन पद्धतींमध्ये अडकलात तर मागच्या रिलीजची यादी दोन्हींतून काढून पाहा. वरची पाच कामं सारखीच आली, तर ज्या पद्धतीला कमी वेळ लागला ती ठेवा.